उतार

टोपणाचं वजन चारशे दहा ग्रॅम,
आत बसायचा उपग्रह तीनशे पन्नास.
डब्याहून झाकण जड,
ही चूक मी तीन रात्री वहीत
सुबक अक्षरात मांडत होते.

उद्यमबागेत, तिसऱ्या ओळीत, इराप्पा बडिगेरची शेड.
पंपाच्या कवचांचे लाकडी नमुने,
सागवानाचा भुसा चहाच्या कपात सुद्धा.
मी कागद पसरला. टोकाशी बोथट,
मग फुगत गेलेली रेघ, खाली सरळ नळकांडं.
वारा इथे आदळेल, इथे तापवेल, इथून निसटेल.
त्यानं चष्मा कपाळावर सारला.
"आणि ह्ये निघायचं कधी?"
हवा संपली की. दोन अर्धी होऊन.
"मग तीन रात्री घट्ट बसवायचंच काय बघालीस?"

त्यानं एक नमुना ओल्या वाळूत दाबला,
दोन टिचक्या मारल्या, उचलला.
वाळूचा एक कण हलला नाही.
सरळ भिंत वाळूचं कातडं सोलून नेते, म्हणाला,
दीड अंश उतार ठेव,
मग वस्तू आपणच जागा सोडते.
चाळीस वर्षं त्यानं एवढंच केलंय:
निघून जाणारं लाकूड.
मागे राहते पोकळी, तिच्यात शेजारचे लोक बीड ओततात.
मराठीत बीड.
कानडीत जरा आखूड म्हटलं, बिडु, की 'सोड'.
हे मी त्याला सांगितलं तर तो हसला नाही,
"होय की," एवढंच, आणि रंधा उचलला.

काचेचं कापड टोकावर सुरकुतत होतं.
शहापूरच्या गोदाक्कानं माग थांबवून पाहिलं.
"उभा धागा वळत नाही गं. तिरकं काप."
तिरकं कापलं. कापड टोकावर असं बसलं
जसं कुणाच्या तरी डोक्याला ओळखत होतं.

बेळगावचं आहे, दोन तुकडे होणारच,
असं म्हणून लोक हसून घेतात.
मी उत्तर देत नाही.
मला शिवण हवीच आहे,
मिनिटाला नाही, क्षणाला उसवणारी,
दोन्ही बाजूंनी सारखी.

रविवारी चाचणी. नायलॉनची दोरी, तापणारी तार,
कडीच्या चार स्प्रिंगा. मुश्ताक फोन धरून पालथा.
एक अर्धं उडालं.
दुसरं, निरोप घेऊनही उंबऱ्यात
बोलत राहिलेल्या मावशीसारखं,
लोंबकळत.
कडेला उतार दिला होता, पण एकाच अंगाला.
घरी जाऊन पुन्हा वही.
खानापूरच्या माळावरचा तेरडा आठवला,
शेंग पिकली की बोट लागायचा अवकाश.
पण पिकायचं म्हणजे किती, ते त्याला कुणी आकड्यात विचारलंय?

आता वजन दोनशे बासष्ट.
नवव्या चाचणीत दोन्ही अर्धी
एकाच वेळी गादीवर पडली, आवाजही एकच.
इराप्पानं तेवढ्यात विडी पेटवली होती,
त्याला दिसलंच नाही.
"परत कर," म्हणाला.
परत केलं.

उड्डाण आमच्या हातात नाही. परवानगी, तारीख,
कुणाच्या तरी टेबलावर.
पहिल्या टोपणाचं ते हट्टी अर्धं
इराप्पाच्या बायकोनं मागून नेलंय.
परसात ती त्याच्याखाली पिल्लं झाकते,
घार फिरते तेव्हा.
घार गेली की पायानं सरकवते.