आमगावची वीज

शाळेमागच्या खोलीत मष्णू गावकर
वहीत टक्के लिहितो : काल सांजेला एकसष्ट.
दारावर कन्नडात 'अपाय'.
मराठीत वाचलं तरी अर्थ फारसा हलत नाही.

नव्या लिथियमला घाई, जुन्या शिशाला दम.
गिरणी सुरू होताना बसणारा हिसका
नव्यानं झेलायचा,
रात्रभरचं मिणमिणणं जुन्यानं.
घरातही असंच असतंय, तो म्हणतो.
त्याचा पोरगा दोन वर्षं गोव्यात.

आज ढग. ओढ्यावरचं चाक पाचोळ्यानं अडलेलं.
एकोणतीस.
टीव्हीची लाइन तोडली. शिव्या खाल्ल्या.
गिरणीची तोडली.
भागीरथीच्या खाटेशी श्वासाचं यंत्र आहे,
ती तार वेगळी.

पहाटे अकरा.
कमरेएवढ्या पाण्यात
मष्णू हातानं पाचोळा काढूलाय.