पाठमोरा

माझं काम सोपं.
काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू,
चेंडूवर मार्करचे दोन ठिपके,
आणि तो जमिनीपासून सव्वातीन फुटांवर
न हलवता धरायचा.

बर्नाबीतलं हे गोदाम. पूर्वी इथे फ्रिज ठेवायचे,
आता भिंती हिरव्या, जमीन हिरवी,
आणि मीही हिरवा, नखशिखांत,
कारण नंतर मला पुसायचंय.

नटी चेंडूकडे बघून रडते.
सकाळपासून सतरा वेळा रडली,
अठराव्यांदा खरंच रडू आलं, तेव्हा कॅमेरा बंद होता.

चेंडू म्हणजे तोबिमो.
छत्रीवाला. माझ्या लहानपणी टीव्हीत राहायचा,
सोळा चौकटी उंच, सोळा रुंद, रंग तीन.
आता त्याला चौदा लाख केस आहेत
आणि वाऱ्यात प्रत्येक केस वेगळा उडतो.
आता त्याला दातही आहेत.
दातांवर तीन बैठका झाल्या.

त्याला जन्म देणाऱ्या बाई आज सेटवर आल्या,
कोकुराहून, एकाहत्तर वर्षांच्या,
फुसाए कुवाबारा.
त्यांना उंच खुर्ची दिली, तिच्यावर नाव चुकीचं छापलं होतं.
त्यांनी ते वाचलं आणि त्याच खुर्चीत बसल्या.

कुणीतरी विचारलं, छत्री कशी सुचली?
दुभाषा वाकला, ऐकलं, सरळ झाला:
पडताना पाय हलवायला चौकटी उरल्या नव्हत्या.
सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.
आणि तोंड?
तोंडाला जागाच नव्हती. ते मुलांनी आपापलं लावलं.

मग प्रिसिला ओउयांग पुढे आली.
दीड वर्ष ती त्याचीच कातडी शिवतेय संगणकावर,
तिच्या डोळ्यांखाली त्याचे रंग उतरलेत.
म्हणाली, शेवटच्या दृश्यात तो टेकडीकडे निघून जातो.
एवढंच सांगा, पाठीमागून कसा दिसतो?

बाई गप्प.
पंखा बंद करावा लागला, इतक्या गप्प.

आम्हा सगळ्यांना तो पाठ होता.
कुठल्या विटेखाली नाणं, कुठल्या ढगावर उडी,
डोळे मिटून सांगितलं असतं.
त्याची पाठ कुणीच पाहिली नव्हती.

"मला माहीत नाही," दुभाषा म्हणाला,
"तो कधी वळलाच नाही.
डावीकडून उजवीकडे जायचा.
मागचं आम्ही पुसत आणायचो,
मेमरी तेवढी नव्हती."

मग त्या उतरल्या, माझ्याकडे आल्या
आणि काठी मागितली.
नियमात बसत नाही ते. मी दिली.

त्या चालत गेल्या, चेंडू समोर धरून,
हिरव्या जमिनीवरून हिरव्या भिंतीकडे,
डावा खांदा जरा उतरलेला,
कार्डिगनचा शिक्का मानेवर उलटा बाहेर आलेला,
पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी किंचित थांबून,
जणू पुढे खड्डा आहे की नाही बघतायत.
भिंत आली. तिथेच उभ्या राहिल्या.
वळल्या नाहीत.

प्रिसिलाने वही काढली तेव्हा
तिचा हात थरथरत होता,
किंवा एसी जास्त होता, तेही असेल.

सिनेमा आला. लोकांनी दातांवरून आई-बाप काढले,
बरोबरच होतं त्यांचं.
माझी मुलगी म्हणाली, बाबा, हा तो नाहीच,
आणि पॉपकॉर्नमध्ये मीठ शोधत बसली.

मग टेकडी आली.
तो निघाला, छत्री मिटलेली,
डावा खांदा जरा उतरलेला,
पाऊल टाकण्याआधी थांबत.
मुलीचा हात पुड्यात तसाच राहिला.
म्हणाली, हा म्हातारा कधी झाला?

मी काही बोललो नाही.
मी त्या चित्रात कुठेच नाही, तसंच ठरलं होतं.

चेंडू मात्र मी घरी आणला.
कुत्र्याने एक डोळा चावून काढलाय.
दुसरा सोफ्याखालून अजून बघतो,
बहुधा उजवीकडे.