शास्त्रात आहे तेवढंच

आपामच्या वाळूत होड्या वर ओढल्या की
एबो एसुमानकडे काम यायचं.
कुणाला नाळीवर माशाचा डोळा हवा, कुणाला फुटबॉलचा क्लब,
आणि बाकी सगळ्यांना देव.
मी डबे धुवायचो. तेरा वर्षांचा होतो.
टर्पेंटाइनच्या वासानं जेवण जायचं नाही.

एके वर्षी त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे,
म्हणाला, आजपासून शास्त्रात आहे तेवढंच लिहिणार.
कंदिलाखाली फान्टी भाषेतला ग्रंथ उघडायचा,
बोटाला रंग, पानापानावर निळे ठसे,
आणि गिऱ्हाईक बाहेर ताटकळत.

तीन राजे? तीन कुठं म्हटलंय?
आणि राजे तर नाहीतच.
सफरचंद? नुसतं फळ म्हटलंय.
हव्वेच्या हातात हवी तर पपई देतो.
पैसा सगळ्या पापाचं मूळ? नाही रे क्वामेना,
पैशाचा लोभ.
तुझ्याकडे पैसा नाही, लोभ आहे,
तेव्हा नीट लिहून घे.

मेलेली लेकरं देवदूत होतात,
हेही त्याला सापडलं नाही.
ते मात्र त्यानं कुणाला मोठ्यानं सांगितलं नाही.
त्याची स्वतःची एक गेली होती, गोवरानं.

गिऱ्हाइकं पांगली.
विनेबाचा एक पोरगा पत्र्याचे साचे घेऊन आला,
सांगाल ते लिहायचा, तेही चुकीचं.
पाळकबाबा येऊन बसले. म्हणाले, एबो,
लोकांना धीर लागतो.
एबो म्हणाला, मलाही लागतो, बाबा,
म्हणून तर शोधतोय.

ऑगस्टात आराबा मेन्सिमा आली,
अंगाला धुरी दिलेल्या माशांचा वास.
तिचे दोन मुलगे एकाच लाटेत गेले होते,
होडी तेवढी परत आली.
म्हणाली, भाड्यानं द्यायचीय, लिही हिच्यावर:
देव पेलवेल तेवढंच ओझं देतो.
मयताच्या दिवशी चाळीस जणांनी मला हेच सांगितलं.

एबोनं पान काढलं. मनातल्या मनात वाचलं.
मी ब्रश पिळत होतो, पिळतच राहिलो.
"हे मोहाबद्दल आहे, आराबा.
मोह सोसवेल इतकाच, आणि सुटायला वाट.
ओझ्याचं इथं काही नाही."
मग थोडी पानं उलटून, जरा घुटमळत,
"इथं तर प्रेषित स्वतःच कबूल करतो,
आशियात असताना असा भार पडला
की ताकदीबाहेरचा. जगण्याची आशाच सोडली होती त्यानं."

ती बसली वाळूत,
पाय लांब करून, लहान पोर बसतं तशी.
बराच वेळ.
"म्हणजे मला पेलवत नाही
हा माझा दोष नव्हे?"

"तेवढंच सांगता येतं मला," एबो म्हणाला.
"त्याच्या पुढचं ठाऊक नाही."

"मग काही लिहू नको. निळ्याचे दोन हात दे नुसते."
पैसे मात्र तिनं अक्षरांसकट मोजून दिले.
पुढं कितीतरी वर्षं ती होडी
क्षितिजावरूनच ओळखू यायची,
साऱ्या बोलक्या होड्यांत एक मुकी.

एबोच्या टपरीवर त्याच्या बापानं रंगवलेली पाटी होती:
जो हातपाय हलवतो त्यालाच देव हात देतो.
ती ओळ त्यानं तीनदा शोधली, पहिल्या पानापासून.
एकदा शिडी लावली, पटाशी घेऊन चढला.
बापाचं पहिलं अक्षर असं वळणदार,
याला जन्मात जमलं नाही तसं.
उतरला.
पटाशी माझ्या हातात देत म्हणाला,
"कुणी विचारलं तर सांग,
हे वचन देवाचं नाही.
माझ्या बापाचं आहे."