एक जानेवारी

दुपारी साडेतीनला लाइन आली
आणि मोबाइलनं कौतिकाबाईचा अंगठा नाकारला.
लुगड्याला पुसला, मग माझ्या ओढणीला.
पन्नास-साठ हंगाम कापूस वेचून
बोटांवर रेघा उरतात कुठं.
"बोंडाइले इचार," ती म्हणाली, "त्याइनं नेल्या."
डोळा धरला, तर डोळ्यात मोतीबिंदू.
शेवटी चेहरा.
"हलू नका मावशी, फक्त उघडझाप करा."
तिनं अशी केली, जशी कोणाला खूण करावी.
ओट्यावरून नथ्थूजी हसले,
हसता हसता दम लागला.

कार्ड निघालं. पाच लाख.
"हे पैसे हायत कोणाजवळ?"
"कोणाजवळच नाहीत. भरती झालं की दवाखान्याला मिळतात."
"म्हंजे पडल्याबिगर नाई."
"भरती झाल्याबिगर नाही."
"तेच म्हटलं म्या."

आरोग्य केंद्रात अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं,
चिवड्याची पुडी आणि एक पुस्तिका.
जेवढं कळलं तेवढं मी सांगते:
खुबा मोडला तर हो, दवाखाना यादीत असला तर.
भरतीच्या आधीचे तीन दिवस, सुटीनंतरचे पंधरा.
बीपीची रोजची गोळी?
ती यात नाही, उपकेंद्रात घ्या, आली असली तर.
गुडघा नुसता दुखतो, त्याला काय?
नुसत्या दुखण्याला काही नाही, मावशी.
चष्मा नाही. कवळी नाही.
"अन् संग बसनाऱ्याचं? त्याचं जेवन, त्याची इष्टी?"
मी पान उलटते. पानावर तो माणूसच नाही.
"ज्यानं लिवलं," ती म्हणाली,
"त्याच्या घरी कोनी बिमार पडलं नसन."

मग म्हणाली, "आता याहीचं काढ.
खरी गरज त्याइले हाय."
खरीच आहे. आमचं गाव खारपाणातलं,
विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
तेच पाणी त्यांनी जन्मभर प्यायलं.
अकोल्याचा रिपोर्ट पिशवीत घडी घालून आहे,
क्रिएटिनिनच्या आकड्याभोवती लाल गोल.

मी आधार हातात घेतलं.
एक जानेवारी एकोणीसशे साठ.
आमच्याकडे पन्नाशीपुढचं अर्धं गाव एक जानेवारीलाच जन्मलं,
शाळेतल्या त्या कॅम्पात, एका टेबलावर.
"वय?" टेबलावाल्यानं विचारलं होतं.
"लिवा आपलं," हे म्हणाले होते,
बाजाराचा दिवस होता, उशीर होत होता.
आणि कौतिकाबाई? एक जानेवारी चोपन्न.

तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
"म्हंजे लग्नात म्या तेरा, अन् हे सात?
कडेवर घेऊन आनले का म्या याइले?"
या वेळी तिघंही हसलो.
सत्तर पूर्ण हवीत, मी म्हणाले,
कागदावर काका अजून बसत नाहीत.
दुसरी योजना आहे रेशनकार्डावर,
पण तिथं नाव नथू, इथं नथ्थूजी,
आधी ते जुळवावं लागेल.
जन्माचा पुरावा?
शाळा नाही, दाखला नाही.
सासू सांगायची, पूर्णेचं पाणी
मारुतीच्या पायरीला लागलं त्या साली झाला.
पायरी आहे अजून.
फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.

कौतिकाबाई बराच वेळ कार्ड उलटसुलट करत बसली.
"यातले अर्धे त्याइच्या नावानं नाई होत?"
"नाही मावशी. ते एकट्या तुमचे."
"जन्मात पयल्यांदा," ती म्हणाली,
"कायी एकटीच्या नावानं आलं,
अन् ते हे."

कार्ड तिनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या डब्यात टाकलं,
झाकण लागेना, तळहातानं दाबलं.
मंगळवारी आठच्या गाडीनं दर्यापूर, तहसील.
दोन फोटो, रेशनकार्ड, सरपंचाचा दाखला
आणि जे कोणी मागतील ते.

चपला घालताना नथ्थूजींनी आवाज दिला,
"पोरी, वय जास्त नोको वाढवू.
सत्तर पुरे."