मरून

रंगाचं नाव मरून.
शैला म्हणते, मुलाखतीच्या आदल्या दिवशी तरी
असलं नाव तोंडात घेऊ नका,
गडद लाल म्हणा.
बरं, गडद लाल.
तो घातला आणि सिडकोतून रिक्षा धरून
कॉलेज रोडला गेलो, पांढरा शर्ट घ्यायला.

पांढराच का, तर अंबडची कंपनी बंद पडल्यापासून
ज्या तीन ठिकाणी मी बसून आलो
तिथे बाकी सगळे पांढऱ्यात होते
आणि मी चौकड्यांत.

दुकान तीन मजली. आत गारठा.
हँगर सरकवत होतो, तेवढ्यात मागून,
"दादा, यात अडतीस आहे का?"
वळेपर्यंत बाईंनी शर्ट हातात दिलासुद्धा होता.
मग दिसलं.
काउंटरला एक मरून, जिन्यात एक मरून,
आरशापाशी गळ्यात टेप टाकून एक मरून.
शैला, माफ कर,
तिथे सगळेच मरून होते.

सांगायला हवं होतं.
पण अडतीस समोरच होता, खालून तिसरा.
काढून दिला.
बाई शर्टाकडे बघून थँक्यू म्हणाल्या.
मग एकाने ट्रायल रूम विचारली, एकाने संडास,
एका आईने अर्धं आइस्क्रीम धरायला दिलं
आणि पोराला घेऊन आत गेली.
मी धरून उभा राहिलो.

मग ते आले. पोपटराव बोरस्ते.
नाव त्यांनीच सांगितलं, हजेरी द्यावी तसं.
एकलहऱ्याला, वीज केंद्रात,
तेहतीस वर्षं खाकीत.
"कसा शर्ट हवाय?"
"बँकेत गेल्यावर बसा म्हणतील असा."
हसले नाहीत. साइज सांगावी तसं बोलले.
"खाकीत होतो तेव्हा बिटको चौकात
हवालदारसुद्धा मान हलवायचा.
आता सदरा-लेंगा दिसला की
कॅशियर पोरगी शाईचं पॅड पुढे सरकवते.
डिप्लोमा झालाय माझा.
खिशाला पेन असतं, तरी."

सोळा वर्षं ड्रॉइंग काढली आहेत मी,
अर्धा मिलिमीटर चुकला तरी डोळ्यांत सलतो.
त्यांचा डावा खांदा उतरता होता.
सहा शर्ट धरून पाहिले, सातवा बसला,
पोलादी करडा, पूर्ण बाह्यांचा.
म्हटलं, बाह्या दुमडू नका,
आणि चष्म्याची दोरी तेवढी काढा.
ते आरशासमोर सरळ झाले.
"आता?"
"आता बसा म्हणतील."
मला काय माहीत?
मला तर तीन ठिकाणी नुसतं बसवूनच ठेवलं होतं.

जाताना त्यांनी माझी मूठ उघडली,
वीसची नोट ठेवली, मूठ मिटली.
"घे रे. शेठला सांगू नको."
नाही म्हणायला ओठ उघडले होते.
पण नाही म्हटलं असतं
तर त्या आरशासमोर, त्याच मिनिटाला,
पोपटराव माणूस ओळखायला चुकले असते.
घेतली.

पुढच्या दाराशी वॉचमनने हात आडवा केला.
"स्टाफ मागून."
मागून गेलो.

मागच्या बोळात तीन पोरं
खोक्यांवर बसून जेवत होती. मेथी, भाकरी, लाल तिखट.
त्यातल्या एकाने थेट माझ्या पायांकडे पाहिलं.
"चप्पल? तुम्ही आमच्यातले नाही.
आम्हाला काळा बूट लागतो,
पॉलिश नसलं तर पन्नास कट."
दुपारभरात शर्टाच्या खाली
पहिल्यांदाच कुणी पाहिलं होतं.
मला बरं वाटत होतं, खरं सांगतो.
बस म्हणाला असता तर बसलोही असतो.

पण तो दचकून उठला, घास गालातच.
"सॉरी सर. काय हवं होतं सर?"

पांढरा शर्ट, मी म्हणालो.

हात धुवायला तिथे नळ नव्हता.
त्याने ते पाठीमागे पुसले,
मरूनला.