कलम १२.३

वडाळ्याच्या साइटवर, कंटेनरमधल्या ऑफिसात
एकशे बेचाळीस पानांचा करार
मी मराठीत सांगते आहे तुळसणकरांना.

इंग्रजीत सोपं असतं.
तिथे 'काम' मोठ्या अक्षराने सुरू झालं
की समजायचं, व्याख्या पान चारवर आहे.
'इंजिनियर' मोठ्या अक्षराचा झाला
की तो चहा पीत नाही, विसरत नाही,
फक्त 'निर्णय देतो'.
आपल्याकडे सगळी अक्षरं एका उंचीची,
एकाच रेघेला लोंबकळणारी.
मोठं कोण, ते आवाजावरून ओळखायचं.

"यात माझं नाव कुठाय?"
नाव नाही. पान एकोणसत्तर, 'उपठेकेदार'.
करार मालकाचा आणि गडाशेठचा.
तुमचा गडाशेठशी. माझ्याशी तुमचा काहीच नाही.
ते माझ्याकडे बघतात.
सात महिने रोज सकाळी
आम्ही एकाच जिन्याने चढतो आहोत.

"आणि 'वाजवी मुदतीत' म्हणजे किती?"
दोघांना पटेल इतकी.
"दोघांना पटत असतं
तर लिवून कशाला ठेवलं असतं, म्याडम?"

मी पुढचं कलम वाचते.
ते हसतात. नाट्याला त्यांची हापूसची चौदा झाडं.
"आमच्यात कलम म्हणजे हे.
रायवळाचा खुंट, हापूसची फांदी,
दोघांची साल तासायची, जखमेला जखम लावायची,
वर सुतळी. घट्ट, पण गळा नाही आवळायचा.
त्याला भेटकलम म्हणतात.
जीव धरला की सुतळी सोडायची.
नाय सोडली तर तीच झाडात रुतते."

मी त्यांना अनामत समजावत होते,
बिलातून कापलेले पाच टक्के,
दोष-दायित्वाचे बारा महिने.
"म्हणजे सुतळी," ते म्हणाले.
मला वाटतं, एवढं बरोबर
आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून बिल काढलं.
एक लाख शहाऐंशी हजार चारशे.
नववा मजला, डक्टची भिंत:
पाडली, सहा इंच मागे घेतली, पुन्हा बांधली.
वर खोपकरांच्या लाल पेनाने:
'लेखी आदेश नाही. नामंजूर.'

१२.३ मला तोंडपाठ आहे.
तोंडी सूचना सात दिवसांत लेखी कळवावी,
अन्यथा ती दिलीच नव्हती
असे समजण्यात येईल.

समजण्यात येईल.
कोण समजणार, ते कुठल्याच पानावर नाही.

त्या दिवशी पाइप बसत नव्हता.
हेल्मेट काखेत, फोन कानाला,
मी बोट दाखवून म्हणाले होते,
"घ्या ना मागे, लिहिते मी नंतर."
त्यांनी तिथल्या तिथे घण मागवला होता.
त्यांनी 'नंतर' हा शब्द
वाजवी मुदत समजून घेतला.

अकरा आठवडे झाले.
भिंत उभी आहे, ओळंब्यात आहे,
तिच्यामागून पाणी खाली जातं आहे.
कराराच्या हिशेबी तिला कुणी हलवलेलं नाही.

खोपकर फोनवर म्हणाले,
"मागची तारीख टाकू नकोस. बाकी तुझं तू बघ.
गडा हे मालकापर्यंत नेईल."

मी साइट ऑर्डर बुक उघडलं.
आजची तारीख टाकली.
'नवव्या मजल्यावरील डक्टची भिंत
मागे घेण्याची सूचना मी तोंडी दिली होती.
लिहायचे राहिले, ते माझ्याकडून.'
'इंजिनियर' छापलेल्या रेघेवर सही केली,
खाली कंसात पूर्ण नाव.

यावर पैसे निघतील का?
माहीत नाही. सात दिवस ते सात दिवस.
तसं मी त्यांना सांगितलंही.

पांढरी प्रत शेठला, गुलाबी ऑफिसला.
पिवळी वहीतच राहते.
तुळसणकरांनी तीच उचलून
ट्यूबलाइटसमोर धरली,
चुन्याने चिरलेला अंगठा
ओळीओळीखालून सावकाश नेत:

"कार्बन जुना झालाय, म्याडम.
शेवटची ओळ
जरा दाबून लिवा."