खरं

जागा एकच आहे.
भाजलेल्या मातीवर चार वर्षं संशोधन,
दरमहा पगार, वर्षाला पंचवीस सुट्ट्या,
आणि हुद्दा विद्यार्थिनीचा नाही, कर्मचाऱ्याचा.
बाबा भट्टीत लाकूड सारता सारता थांबले.
"शिकायला तेनीच पैसे देतात? तुला?
मग तेंचं काय गे त्यात?"

खानापूरची माती बाटल्यांत भरून
बेळगावच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं तापवली.
नऊशे अंशांवर ती का तडकत नाही
हे बाबांना हातानं माहीत आहे,
मला आलेखानं.
पुरतं दोघांनाही नाही.

जन्मदाखल्यावर मी मल्लव्वा, कानडीत.
मराठी शाळेच्या दाखल्यावर मालुताई.
पासपोर्टवर नुसतीच मालू, आडनाव आधी.
तिघी एकच, असं प्रतिज्ञापत्र
कोर्टासमोरच्या बाळेकुंद्री वकिलांनी
दीडशे रुपयांत करून दिलं.
शिक्का आपटत म्हणाले,
"बेळगावलाच दोन नावं हाईत की,
तुला तीन असली तर काय बिघडलं?"

मातृभाषेला रकाना एकच. मराठी लिहिलं.
इतर भाषा: कन्नड.
वाचता येते, लिहिता येते, बोलता येते.
बसमध्ये जागेवरून भांडता येते
असा पर्याय नव्हता.

शिफारसपत्र हिरेमठ मॅडमनी लिहिलं. दोन पानं.
वाचू दिलं नाही.
पाकीट बंद करून म्हणाल्या, "होगि बा."
जाऊन ये.
निघणाऱ्याला नुसतं 'जा'
त्यांच्यातही म्हणत नाहीत.

उरला शेवटचा रकाना:
तुम्हाला इथे का यायचं आहे, तीनशे शब्दांत.
आधी आपल्या भाषेत लिहून बघितलं.
मला यायचंय, खरं

आणि तिथंच अडले.
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या चर्चासत्रात मी म्हटलं होतं,
नमुने आणले, खरं मशीन बंद होतं.
सगळे हसले, एकजण म्हणाला,
खोटं कोण म्हणतंय?
यायचंय, खरं बाबांना आता
रात्रभर एकट्यानं भट्टी झेपत नाही.
यायचंय, खरं धाकटा अजून दहावीत.
यायचंय.
इंग्रजीत तिथं 'हाऊएव्हर' बसवलं.
त्यात शंका होती, शपथ नव्हती.
काढून टाकलं.

मुदत त्यांच्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे आमची पहाटेची साडेचार.
परड्यात भट्टी लागलेली. बाबा जागे, मी जागी,
मोबाइलची रेंज चिंचेखालीच.
चार वाजून अकरा मिनिटांनी बटण दाबलं.
लगेच उत्तर आलं, माणसाचं नव्हे:
अर्ज मिळाला. फक्त निवडलेल्यांना कळवण्यात येईल.

"गेलं?" बाबांनी विचारलं.
"गेलं. खरं..."
"खरं काय?"
"काय नाही."

त्यांनी घमेल्यात चिखल कालवला,
भट्टीचं तोंड लिंपायला घेतलं.
मी दुसऱ्या बाजूनं हात लावला.
आता तीन दिवस
उघडायची नाही.